अंटार्क्टिकाहून आलेला दुपारचा कॉल

मंडळी, कुणाला तरी सांगायलाच हवं, म्हणून लिहितेय.

माझा नवरा संदीप अंटार्क्टिकातल्या एका संशोधन तळावर जनरेटर सांभाळतो. आज दुपारी मी सुकापूरच्या घरातून त्याच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलत होते. मध्येच तिकडे अलार्म वाजला. "जनरेटर बघून येतो, कॉल कट करू नकोस," म्हणत जाकीट चढवून तो बाहेर पडला.

स्क्रीनवर नुसती रिकामी खुर्ची आणि वाऱ्याचा आवाज. थोड्या वेळाने तिथले आचारी कदमदादा खोलीत आले.

"वहिनी, संदीप कुठाय?"

"जनरेटरकडे गेलाय."

त्यांचा चेहराच उतरला. "एकटा? बाहेर हिमवादळ सुरू झालंय. स्वतःचा हातसुद्धा दिसत नाहीये." ते बाहेर धावले आणि कॉल तुटला.

संध्याकाळी कदमदादांचा मेसेज आला. कमरेला दोर बांधून त्यांनी संदीपला शोधून आणलं. तो भलत्याच दिशेला चालत सुटला होता. उजव्या हाताच्या बोटांना जाणीव नाही. ती वाचतील की नाही, डॉक्टर आत्ताच सांगू शकत नाहीत. हिवाळा संपेपर्यंत तिथून त्याला हलवताही येणार नाही.

सासूबाईंनी आत्ताच विचारलं, "संदीपचा फोन आला होता का गं?"

मी नुसतं हो म्हटलं. तुम्ही काय सांगितलं असतं?