शेजार मंडळाची पहिली हाक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, पाळकसाहेबांनाही नाही. तुम्हाला सांगते.

आमच्या चर्चचं शेजार मंडळ कसं सुरू झालं, ते शिवाजी पेठेत पुष्कळांना ठाऊक आहे. संस्थान विलीन झालं, त्या सुमाराची गोष्ट. आमच्या शेजारच्या खोलीत तानूआक्का एकट्याच राहायच्या. एका रविवारी त्या न्हाणीत घसरून पडल्या, मांडीचं हाड मोडलं. मी हाक ऐकून धावले, माणसं गोळा केली, त्यांना दवाखान्यात नेलं. पुढच्या रविवारी पाळकसाहेब उपासनेत म्हणाले, "शांताबाईंनी हाक ऐकली. अशा किती हाका आपल्या कानांवर पडतच नसतील?"

झालं! त्या आठवड्यापासून आम्ही बायका जोडीजोडीनं घरोघर जाऊ लागलो. जातधर्म विचारायचा नाही. आजाऱ्याला पेज, बाळंतिणीला हातभार, एकट्या म्हाताऱ्यांची विचारपूस. आता मंडळाला स्वतःची खोली आहे, शिवणाची दोन मशीनं आहेत, कागलहून बायका शिकायला येतात. मी त्यात रमले. खोटं कशाला बोलू — फार सुखाची वर्षं गेली.

पण ती हाक…

आक्कांशी माझी महिनाभर बोलाचाली नव्हती. कारण काय, तर त्यांच्या कोंबड्यांनी माझे वाळत घातलेले पापड तुडवले. हसू येतं ना? त्या रविवारी सकाळी मी केस विंचरत होते — आणि भिंतीपलीकडून आवाज आला, "शांते, अगं पडलो की गं मी!" स्पष्ट ऐकू आला. मला काय वाटलं, सांगू? वाटलं — आता बरी आठवण झाली माझी! मी कुलूप लावलं आणि चर्चला गेले. गाणी म्हटली, डोळे मिटून प्रार्थना केली. दुपारी परत आले, तेव्हा हाक अगदी बारीक झाली होती. मग कुठं त्यांचं दार ढकललं. ओल्या फरशीवर त्या तशाच पडलेल्या, ओठ काळेनिळे.

पुढं काठी टेकत चालू लागल्यावर आक्का स्वतःच मंडळात आल्या. एकदा पेजेचे तांदूळ निवडताना त्यांनी विचारलं, "सकाळपासनं वरडत हुतो मी. तुला आधी ऐकूच आलं न्हाई, व्हय?"

"न्हाई आक्का. मी चर्चला गेलते."

"तेच म्हटलं. ऐकलं असतंस तर पळत आली असतीस की."

आणि त्या पुन्हा खडे वेचू लागल्या.

पापडांसाठी मी एका बाईला मोडक्या हाडानं पडू दिलं. वर तिच्याच तोंडावर खोटं बोलले.

आक्का गेल्या वर्षी वारल्या. शेवटपर्यंत मंडळात नवी बाई आली, की माझ्याकडं बोट करून सांगायच्या, "ही शांता. हिनं ऐकलं म्हणून मी वाचलो."

मी होकारार्थी मान डोलवायचे.