उघड्या खिडकीचा अहवाल

पोलादपूरला आमच्या घराची मागची खोली डोंगर कापून काढलेली. तिची एक भिंत म्हणजे खडकच, वरून नुसता गिलावा. जमिनीला भेगा. बाबा तिथेच झोपतात. हायवेच्या कामाची धूळ नको म्हणून खिडकी कायम बंद, आणि आत विडी.

मी तेव्हा महाडच्या बाजारात रेडॉनची पत्रकं वाटत होते. माती-खडकातून येणारा वायू, वास नाही, रंग नाही. कोंडलेल्या खोलीत साठतो, वर्षानुवर्षं छातीत गेला की फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो, विडी ओढणाऱ्याला तर फारच. लोक त्या पत्रकांत भजी बांधून नेत. नेऊ देत. माझा खरा राग घरच्यांवर होता.

"दिसत नाय, वास नाय, म्हंजे भूतच की गो," बाबा म्हणाले. "मांत्रिक आण."

आपल्या काळ्या दगडात हा वायू कमीही असेल. पण 'असेल'वर मी बाबांना झोपवणार नव्हते. मोजायची डबी खाटेवर टांगली आणि बजावलं, तीन महिने खोली रोजच्यासारखीच ठेवा.

तीन महिन्यांनी डबी प्रयोगशाळेत गेली. अहवाल आला, प्रमाण कमी. बाबांनी तो अख्ख्या आळीला दाखवला. "पोरीचं भूत पळालं."

मी खोलीत गेले. भेगांत ताजं सिमेंट, भिंतीला नवा चुना. खिडकी बंद.

"हे कधी केलं?" मी आईला विचारलं.

"डबी लागली तेव्हाच. तपासणी म्हटल्यावर घर नीट नको ठेवायला? खिडकी रोज सताड उघडी ठेवत होते."

"आणि आता बंद?"

"आता डबी कुठंय?"

माझं डोकंच फिरलं. "बाबा, हा कागद उघड्या खिडकीचा आहे. बंद खिडकीचा कागद आपल्याकडे नाही."

"मग मी धूळ खाऊ?"

"जाळी लावा. आणि विडी बाहेर ओढा."

"विडीचं या कागदात काय नाय."

"पत्रकात आहे. तुम्ही वाचलं नाही."

आईने जाऊन खिडकी उघडली. वाऱ्याने ती धाडकन बंद झाली, पुन्हा उघडली, पुन्हा बंद झाली. शेवटी बाबा उठले, अहवालाची घडी घातली आणि बिजागरीच्या फटीत खोचून खिडकी उघडी अडकवली.

मी त्यांना शाबासकी दिली नाही. विडी अजून आतच चालू आहे.