वहीतला हमाल

आता हे ऐकल्यावर तुम्ही मला प्राध्यापक म्हणणार नाही. पण चहा मी पाजतोय, तेव्हा ऐकावं तर लागेल.

आमच्या दिग्रसला सलीमचाचा कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. रिटायर झाल्यावर त्यांनी माझ्यापुढे एक वही ठेवली. वहीभर एक फिटर आणि एक हमाल नुसते बोलत बसलेले. विषय काय? जिनिंगच्या मशीनचा एकेक भाग बदलत शेवटी सगळेच बदलले, तर मशीन तेच राहतं का? आणि मग माणसाचं काय?

चाचांना त्याचं पुस्तक करायचं होतं. आयुष्यातलं एकमेव.

"सर, तुमी तत्त्वज्ञान शिकवता. जरा नीट करून द्या."

मी केलं की नीट. हमाल फार पकाऊ वाटला हो. घडीघडी मधे तोंड घालतो, तेच तेच विचारतो. सरळ काढून टाकला. फिटरचे विचार तेवढे ओळीने मांडले आणि स्वतःवरच खूश झालो.

छापायच्या आधी कॉलेजच्या लायब्ररीत वाचन ठेवलं. मी वाचत होतो आणि माझेच विद्यार्थी मोबाईल काढून बसले. चाचा खाली बघत होते.

"चांगलं झालं, सर," ते हळूच म्हणाले. "माह्या वहीतले दोन पानं वाचू का?"

त्यांनी हमालाचा पहिला प्रश्न वाचला मात्र, लायब्ररी जागी झाली. एक पोरगी म्हणाली, "आमचा ट्रॅक्टर असाच हाये, काका. नावालेच जुना." मागचा पोरगा तिच्याशी भांडायला लागला. फिटरने उत्तर द्यावं, कोणीतरी आडवा प्रश्न टाकावा, चाचांनी पान उलटावं. इतक्या वर्षांत माझ्या वर्गात असं एकदाही झालं नव्हतं, खरं सांगतो.

मलाही राहवेना. हात वर केला.

"पण चाचा, सगळे भाग बदलले तरी आवाज तर तोच येतो ना?"

चाचांनी वहीत पाहिलं, मग माझ्याकडे.

"पुढची ओळ हेच हाये, सर. हमाल हेच विचारते. वाचणाऱ्याले बसाले जागा पायजे म्हून तर त्याले ठेवलं म्या."

मी थक्क झालो. एवढं शिकून मला हे कळलं नव्हतं.

"चाचा, वही आहे तशीच छापा," मी म्हणालो. "एक अक्षर बदलू नका."

"अन् हे बी छापू काय?"

त्यांनी त्याच ओळीशेजारी बोट ठेवलं. माझ्याच लाल पेनाने, माझ्याच सुबक अक्षरात तिथे लिहिलं होतं: 'निर्बुद्ध प्रश्न.'