टोपलीतली तांबडी भाकरी

शिबिर कसं घ्यायचं हे मला कोणी शिकवायची गरज नाही, असं वयाच्या तेविसाव्या वर्षी मला ठाम वाटत होतं. नगरला ट्रेनिंग पुरं करून मी शेवगाव तालुक्यातल्या एका गावच्या हायस्कुलात इतिहास-भूगोल शिकवायला आले होते. स्वभाव तापट, आवाज खणखणीत. चुकलं तरी आवाज उतरायचा नाही, ही माझी त्या काळातली मोठीच अडचण होती.

बहात्तरचा पावसाळा कोरडा गेला आणि पुढच्या वर्षी संक्रांत होऊन महिना झाला असेल, तेव्हा हेडमास्तरांनी मला बोलावलं. म्हणाले, "बाई, नववीचं दोन दिवसांचं शिबिर घ्यायचंय. तुम्ही बरोबर असलात तर यंदा मुलीही येतील. आखणी तुम्हीच करा."

मी आठवडाभर तेच केलं. दोनशेपानी वही घेतली, निळ्या शाईने वेळा आणि लाल शाईने उद्दिष्टं लिहिली. प्रार्थना, श्रमदान, सहभोजन, बौद्धिक, खेळ. प्रत्येक पाव तासाला काहीतरी होतंच. हेडमास्तरांनी वही चाळली आणि म्हणाले, "पोरांना श्वास घ्यायला कधी वेळ ठेवलाय?" मला ते कौतुकच वाटलं.

माझा सगळ्यात लाडका कार्यक्रम सहभोजनाचा होता. पहिल्या दिवशी दुपारी प्रत्येकाने घरून दोन भाकरी आणायच्या. सगळ्या भाकरी एका मोठ्या टोपलीत टाकायच्या, वर फडकं झाकायचं आणि डोळे मिटून एकेकाने हाताला येईल ती उचलायची. गावात कोणाच्या घरचं कोण खातं आणि कोण खात नाही, हे मला चांगलं माहीत होतं. निदान एक दिवस कोणाची भाकरी कोणाच्या हातची हे कळू नये, असा माझा हेतू होता. हेतू वाईट नव्हता, हे मी आजही म्हणेन. सूचनेच्या कागदावर मी मुद्दाम लिहिलं, "घरी जे रोज खाता तेच आणावे. वेगळे काही करू नये."

पस्तीस मुलांपैकी नऊ मुली. आठ जणींच्या घरून होकार आला, नवव्या मुलीचा येईना. ती भूगोलात पहिली यायची. नकाशा काढायची तर नदीची वळणंसुद्धा चुकायची नाहीत. तिचे आई-वडील दोघंही दुष्काळी कामावर, रस्त्याची खडी फोडायला जायचे. मी एका संध्याकाळी तिच्या घरी गेले.

वडील ओट्यावर बसले होते. ते म्हणाले, "पोरगी आईच्या खांद्याला आली, बाई. कामावर तिचं बी नाव लावायचं म्हनतोय मी. तुमी शिबिराचं काय घेऊन बसलात?" आई चुलीपुढून उठून दारात आली. "मॅट्रिक तरी हुंद्या म्हनते मी," ती म्हणाली. हा वाद त्या घरात रोजचा असावा, कारण दोघांपैकी कोणी आवाज चढवला नाही. मुलगी कोपऱ्यात दप्तर मांडीवर घेऊन बसली होती आणि माझ्याकडे टक लावून बघत होती. मी तिला शिबिराला पाठवा म्हणायला आले होते. तिथे तर तिची शाळाच राहणार की जाणार, याचा निकाल चालला होता.

मग मी बोलायला लागले. बोलण्यात मी कधी कमी पडले नाही. पोरगी हुशार आहे, मास्तरीण होईल, शिबिरात तिला काही कमी पडणार नाही, माझ्या जबाबदारीवर नेते. शेवटी वडील म्हणाले, "न्या. दोन दिस न्या. पुढचं पुढं बघू."

आई मला सोडायला बाहेर आली. हळूच म्हणाली, "शिदोरीला शेजारनीकडून शाळूचं पीठ आनते, बाई. दोन भाकरीपुरतं." त्यांच्या घरात त्या वर्षी मिलो होता. रेशनवर मिळणारी, परदेशातून आलेली तांबडी ज्वारी. तिची भाकरी थापताना तुटायची आणि गार झाली की चिवट व्हायची. शाळूची पांढरीशुभ्र भाकरी ज्यांच्या घरी जुनं धान्य होतं त्यांच्याकडेच उरली होती.

मी म्हटलं, "मुळीच नाही. घरात आहे तेच द्या. त्यात कसला आलाय कमीपणा? माझी शपथ आहे तुम्हाला."

ती जरा घुटमळली. "तुमी म्हनता तर तसं," म्हणाली.

गावाबाहेर जाणाऱ्याला शिदोरी द्यायची ती चांगल्यातलीच द्यायची आणि घरात नसेल तर शेजारून पीठ आणायचं, ही तिथली रीत होती. मिलो खाणारी घरं आमच्या वर्गात डझनभर तरी असतील. त्या सगळ्या आयांनी माझी सूचना वाचून घेतली, मान डोलावली आणि सरळ शेजारचं दार वाजवलं. माझं ऐकलं ते एकाच बाईने, कारण तिला मी शपथ घातली होती.

शनिवारी सकाळी आम्ही दोन कोसांवरच्या टेकडीवरच्या देवळाकडे चालत निघालो. बरोबर ड्रिलचे सर होते. देवळाच्या धर्मशाळेत सामान ठेवलं आणि श्रमदान सुरू झालं. झाडांसाठी खड्डे घ्यायचे होते. मी आधी श्रमाचं महत्त्व या विषयावर वीस मिनिटं बोलले. मग कुदळ उचलली, दोन घाव घातले आणि तिसऱ्याला ती माझ्याच चपलेवर आली. मुलं हसली नाहीत, उलट एकाने कुदळ माझ्या हातातून काढून घेतली. "ऱ्हाऊ द्या, बाई. आमी रविवारी कामावर हेच करतो," तो म्हणाला. तासाभराचं काम त्यांनी पाऊण तासात उरकलं आणि माझं वेळापत्रक कोलमडलं. त्या वेळी मी थोडं थांबून विचार करायला हवा होता. मी फक्त सहभोजन पाव तास आधी घेतलं.

झाकलेल्या फडक्याखालूनच ज्याने त्याने आपल्या भाकरी सरकवल्या आणि टोपली भरली. मुलं एकेक येऊन डोळे मिटून हात घालत होती. मोठी गंमत चालली होती. कोणी मुद्दाम चाचपडत होतं, कोणी वास घेऊन ओळखायचा प्रयत्न करत होतं. वीसेक मुलं होऊन गेली. मग विहिरीवाल्या बागाईतदाराच्या मुलाने हात घातला आणि भाकरी वर काढली. ती तांबडी होती.

"आयला, मिलो!" तो ओरडला. मनाने वाईट नव्हता तो, नुसता चकित झाला होता. पण सगळा वर्ग खो खो हसला. जी मुलं घरी रोज मिलो खात होती ती सगळ्यात मोठ्याने हसली.

माझं डोकं फिरलं. "गप्प बसा!" मी ओरडले. मग मी सुरू झाले. कष्टाची भाकरी म्हणजे काय, लाज कशाची वाटायला हवी आणि कशाची नको, सगळं बोलले. बोलता बोलता मला तिची आई डोळ्यांपुढे दिसली, चुलीपुढची, आणि मी स्वतःच गहिवरले. मला वाटलं, या मुलीला आज सगळ्या वर्गाने मान द्यायला हवा.

मी तिच्याकडे वळून म्हटलं, "उभी राहा, बाळ. सांग सगळ्यांना. तुझ्या आईनं केलीय ना ही?"

ती उभी राहिली. चौतीस जोड डोळे तिच्यावर होते. तिचा चेहरा अगदी कोरा झाला होता.

"न्हाई, बाई," ती म्हणाली. "माझी न्हाई ती. आमच्या भाकरी पांढऱ्या हुत्या."

इतक्यात रांगेतल्या पुढच्या मुलाने सवयीने हात घातला आणि दुसरी तांबडी भाकरी बाहेर आली. या वेळी कोणी हसलं नाही. ते हसण्याहून वाईट होतं. मी त्या दोन्ही भाकरी माझ्या ताटात घेतल्या आणि सगळ्यांना दिसेल अशा खाल्ल्या. तोही देखावाच होता. तिच्या वाट्याला पांढरी भाकरी आली होती. ती तिने शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली आणि हात धुवायला गेली. बौद्धिकाला मुलं मोजली तेव्हा ती नव्हती.

"घरी गेली, बाई. पोट दुखतंय म्हनाली," एका मुलीने सांगितलं.

मुलं ड्रिलच्या सरांवर सोपवून मी निघाले. गावाकडच्या वाटेवर निम्म्यात रस्त्याचं काम चालू होतं. तोंडाला पदर बांधून बायका ओळीने खडी फोडत होत्या. मी तिच्या आईला ओळखलं ते शेजारी बसलेल्या मुलीमुळे. मुलीच्या हातात हातोडी होती.

"बाई, तुमी कशाला आलात उन्हाच्या?" आई गडबडीने उठली. "हिला ताप आला म्हनून तुमीच धाडली म्हनं."

मुलीने मान वर केली. तिची नजर मला अजून विसरता येत नाही. मी खरं बोलले असते तर तिने भर वर्गात आईची भाकरी नाकारली हे आईला कळलं असतं.

"हो, मीच पाठवली," मी म्हटलं. "आता बरं आहे का बघायला आले."

"ताप न्हाई काय न्हाई. पर आल्यापास्नं एकच धोशा, आई, माझं नाव लाव कामावर. शाळा नको म्हनती." आईने पदर सोडून तोंड पुसलं. "मी इतके दिस हिच्या बापाशी भांडले, बाई. आता हीच असं म्हनली तर मी काय बोलू?" मग एकदम आठवल्यासारखं तिने विचारलं, "भाकरी खाल्ली का पोरांनी? तांबडी हुती म्हनून दोनदा चाळून केली."

"मी खाल्ली," मी म्हटलं. "दोन्ही मीच खाल्ल्या."

"अगं बया! तुमी?" ती लाजून हसली. तिला इतका आनंद झाला की मला तिच्याकडे बघवेना.

मला त्या मुलीची माफी मागायची होती आणि ती तिथे मागता येत नव्हती. मी खडीच्या ढिगावर बसले. आईला म्हटलं, "आज शिबिरात माझ्या हातून मोठी चूक झाली. सगळ्या वर्गासमोर. सोमवारी त्या मुलांपुढे उभं राहायची मला लाज वाटतेय."

"बाईंची चूक कोन काढतंय?" आई म्हणाली.

"काढणारे काढतील. काढायलाच पाहिजे. तरी मी जाणार आहे." मग मी मुलीकडे बघितलं. "मी एकटी गेले तर मला जड जाईल. तू पण ये."

हातोडी थांबली होती. माझा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा उतरला होता आणि डोळ्यांत पाणी होतं. ते तिने पाहिलं असेल किंवा नसेल.

सोमवारी मी हजेरी घेताना तिच्या नावाशी आले आणि खाली बघूनच ते वाचलं. वर बघायचं धैर्य नव्हतं. "हजर, बाई," मागच्या बाकावरून आवाज आला. मी पुढची दोन नावं चुकीची वाचली.

त्यानंतर तिने शाळा सोडली नाही, पण माझ्याशी कामापुरतंच बोलायची. मी तिला दोष दिला नाही. माझ्या परीने मी धडा घेतला होता. पुढच्या वर्षी शिबिराची आखणी करताना टोपलीचा कार्यक्रम मी सरळ काढून टाकला. ज्याने त्याने आपली शिदोरी आपापल्या फडक्यात खावी. कोणाचं काही उघडं पडायला नको. त्या जागी मी शेवटच्या दिवशी मनोगताचा तास घातला. प्रत्येकाने उभं राहून, शिबिरात काय वाटलं ते सर्वांसमोर सांगायचं. या वेळी मुलांना विचारून आखायचं, एवढं शहाणपण मला आलं होतं, म्हणून वही आदल्या वर्षी शिबिराला आलेल्या, आता दहावीत गेलेल्या वर्गात दिली. ती फिरत फिरत तिच्याकडे गेली.

मधल्या सुट्टीत ती वही घेऊन शिक्षकांच्या खोलीत आली. खोलीत मी एकटीच होते.

"बाई, टोपली का काढली?"

"मला वाटलं, तुला..."

"पोरांना लई आवडली हुती ती. ऱ्हाऊ द्या." तिने वही टेबलावर ठेवली आणि मनोगताच्या तासावर बोट टेकवलं. "हे काढा."

"का गं?"

"उभं करू नका कोनाला." ती खिडकीबाहेर बघत होती. "भाकरीचं काय नव्हतं, बाई. पोरं हसली असती आन् इसरली असती. माझीच हाय म्हनून मी तुमाला सांगितलंच असतं. मागनं. एकटीला."