जोडीदाराची पाळी

मुरबाडला शाळा सुटल्यावर एसटी पकडायला जाताना एक म्हातारेबाबा मला त्यांच्या घराच्या ओट्यावर क्लॅरिनेट वाजवताना दिसायचे. उभी हयात मुंबईच्या ऑर्केस्ट्रात काढून म्हातारपणी गावी परतलेले. थोडं वाजवायचे, मग वाद्य मांडीवर ठेवून मान डोलावत थांबायचे.

“मधेच का थांबता, बाबा?” मी एकदा विचारलं.

“आता माझा जोडीदार वाजवतोय. वारला तो, पण त्याच्या वाट्याचं आमी कसं वाजवायचं?”

परवा मात्र ते क्लॅरिनेट हातात घट्ट धरून बसले होते. चेहरा पांढराफटक.

“काय झालं?”

“माझी पाळी कवाच आली गो. आज तो थांबतच नाय.”

समोरच्या भातशेतात वारा नव्हता, पाखरू नव्हतं. मला काहीच ऐकू येत नव्हतं. माझी एसटी निघून गेली, तरी मी तिथेच कान देऊन उभी होते.