चुन्याच्या भिंतीपुढचा माणूस

मी बार्शीच्या शाळेत मास्तर आहे. आमच्या घराण्यात बी. ए. झालेला पहिला मीच, आणि हे सांगताना मला संकोच वाटत नाही. पुण्याला ज्या कॉलेजात शिकलो, तिथे आता जुन्या इमारतींचे आणि विद्यार्थ्यांचे फोटो जमवून संग्रह करायचे ठरले आहे. आमचे वसतिगृह पाडले गेले. त्याचा एकही फोटो कॉलेजपाशी नाही. आमच्या वेळी वसतिगृहापुढे मुलांचा फोटो काढणारे राजय्या फोटोग्राफर आपल्या निगेटिव्हच्या काचा घेऊन सोलापूरला, स्वतःच्या गावी परतल्याचे कळले. सुट्टी लागताच मी निघालो.

माझा स्वार्थही होता. फोटोच्या दिवशी आमचे आबा मोहोळकडच्या गावाहून मला भेटायला आले होते आणि भिंतीशी उभे होते. तेव्हा प्रत घेणे परवडले नाही. आबांचा दुसरा फोटो कुठेच नाही.

बार्शीच्या लहान गाडीत खिडकीशी बसलो, ते अंगाशी आले. समोरच्या आजीबाई ओरडल्या, "आवो मास्तर, कोट जळाला की तुमचा!" इंजिनाच्या ठिणगीने बाहीला भोक पडले होते. कुर्डुवाडीला मोठी गाडी धरली आणि दुपारी सोलापूरला उतरलो. खानावळीत कडक भाकरी चुरून दह्यात कालवली, वर शेंगांची चटणी घेतली. कोटाचे दुःख तिथेच संपले.

शुक्रवार पेठेत राजय्यांचे दुकान सापडले. "कूर्चोंडी (बसा)," म्हणत त्यांनी कागदात गुंडाळलेली काच काढून उजेडात धरली. काचेवर सगळे उलटे असते: तोंडे काळी, काळे कोट पांढरे. वसतिगृह पूर्ण आले होते, अगदी वाळत घातलेल्या धोतरांसकट. पण आबांच्या जागी लाल डाग होता.

"हे काय?"

"रंग की. कोण एक धनगर कडेला येऊन थांबला होता. शिकलेल्या लोकांचा फोटो, त्यात घोंगडीवाला कशाला? लाल लावलं की तिथून उजेड जात नाही, छापताना नुसती चुन्याची भिंत येते. कुणाला कळायचं नाही, असं काम केलंय!"

"ते माझे वडील."

राजय्यांनी चष्मा काढला. "अरे देवा! तेव्हाच बोलायचं नाही का, मास्तर?"

"निघेल का?"

"काचेच्या पाठीवर लावलाय, चित्रावर नाही. पण जुना झालाय. बघू."

ओला कापूस ते हळूहळू फिरवू लागले. बराच वेळ काहीच हलेना. मी पाहायचे सोडून दाराकडे तोंड केले. मग ते म्हणाले, "काठी आली." वाटीतले पाणी कुंकवासारखे झाले होते. काठीमागून घोंगडी आली, शेवटी तोंड.

"कॉलेजला कसा पाठवायचा? कडेचा कापून देऊ?"

"जसा आहे तसा. दोन प्रती करा."

दुसऱ्या दिवशी मोहोळला उतरून गावी चालत गेलो. आबा मेंढरांत होते. धोतराला हात पुसून त्यांनी फोटो धरला.

"आरं, घोंगडं आपलंच हाय की! आन् आत ह्यो कोण?" मग फोटो डोळ्यांशी नेऊन, "मीच व्हय!" पुढच्या ओळीवरून त्यांचे बोट फिरले. "तू कुटं हायस?"

मी दाखवले. तोंडाच्या जागी नुसता धुरकट ठिपका होता.

"हललास व्हय रं?"

"तुम्ही अजून उभे आहात का, ते बघायला मान वळवली."

आबा खो खो हसले. "मी कुटं जातूय? मेंढरामागं उभं ऱ्हायची सवं हाय मला. तुला कालिजात तेवडं शिकवलं न्हाय!"

बार्शीला परतल्यावर कॉलेजच्या प्रतीखाली नावे लिहायला बसलो. ठिपक्याच्या नावापुढे ऐटीत बी. ए. लिहिले. ओळीच्या शेवटी आबांचे पूर्ण नाव घातले आणि पुढे लिहिले: मुलास भेटण्यास आले होते.