नायकाच्या वाटचा गूळ

जानराव अवचार हे मेडशीच्या दवाखान्याचे डॉक्टर. मूळचे रिठदचे, कास्तकाराच्या घरातले. नागपूरला डॉक्टरी शिकले, तिथल्या एका प्रोफेसरांच्या नादी लागून मधुमेहाचा अभ्यास करू लागले आणि पन्नास सालानंतर तो नाद सोबत घेऊनच मेडशीला आले. मी तिथे शाळेत मास्तर होतो. आमच्या दोघांच्या खोल्यांत एकच भिंत होती, त्यामुळे त्यांचं संशोधन मला वासावरूनच कळायचं.

मधुमेह हा गादीवर बसणाऱ्यांचा रोग, असं पुस्तकात लिहिलेलं. जानरावांचं म्हणणं, पुस्तक लिहिणाऱ्यानं आमचा मुलूख पाहिलेला नाही. राबणाऱ्यालाही साखर होते, फक्त त्याची लघवी कुणी तपासत नाही. आणि अशा माणसानं ज्वारीची भाकर नि अंबाडीची भाजी नेमानं खाल्ली, तर थोड्या इन्सुलिनवरही त्याची साखर आटोक्यात राहते. हे सिद्ध करायला ते गावोगावची लघवी बाटल्यांतून गोळा करत, काचेच्या नळीतल्या निळ्या औषधात तिचे थेंब टाकत आणि स्टोव्हवर उकळत. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं होत होत विटकरी झालं, तर माणसाचं काही खरं नाही. बाजाराच्या दिवशी लोक हे रंग पाहायला गर्दी करत. त्यांच्या आई गोजराबाई एकदा रिठदहून आल्या, दारात उभं राहून त्यांनी सगळं पाहिलं आणि मला म्हणाल्या, "मास्तर, नागपूरले ठेवून येवढं शिकवलं, आन् हा लोकाईचं मूत शिजवून राह्यला." जानरावांनी मान वर केली नाही. नळी तेव्हा पिवळी होत होती.

मेडशीपासून कोसभरावर बंजाऱ्यांचा तांडा होता. दौलतसिंग त्या तांड्याचा नायक. उंच, रुंद माणूस, आणि डोक्यावर एवढं पागोटं की दवाखान्याच्या दारात त्याला पागोट्यासाठी वाकावं लागे. तांड्यातली भांडणं, लग्नं, काडीमोड, सगळं त्याच्या शब्दावर चाले. त्याच्या पायाच्या अंगठ्यात बाभळीचा काटा गेला होता. काटा निघाला, पण जखम भरेना, म्हणून बायको नानीबाई त्याला घेऊन आली. जाता जाता ती म्हणाली, "आन् डाक्तर, हे जिथं लघवीले बसते तिथं मुंगळे जमते. हे काहून?"

जानराव खुर्चीवरून उठलेच. रोग सापडल्याचा इतका आनंद झालेला डॉक्टर मी दुसरा पाहिला नाही.

नळी विटकरी झाली. जानरावांनी सरळ सांगितलं, साखर उतरली नाही तर जखम सडेल आणि अकोल्याला नेऊन पाय कापावा लागेल. रोज सकाळी सुई. ज्वारीची भाकर. गूळ, साखर, मोहाची दारू बंद. नायक म्हणाला, "बंद म्हंजे बंद." इन्सुलिनची बाटली अकोल्याहून मोटारीनं येई आणि ओल्या फडक्यात गुंडाळून रांजणाच्या बुडाशी राही. नायक रोज तट्टावर बसून येई, दंड पुढे करी, लघवीची बाटली देई आणि नळीचा रंग पाहून जाई. हळूहळू नळी निळी राहू लागली. जखमेवर कोवळी कातडी धरू लागली. जानराव नागपूरला पाठवायचा अहवाल सांगू लागले आणि मी तो माझ्या बऱ्या अक्षरात लिहू लागलो.

फाल्गुन लागला आणि नळी विटकरी झाली. मग निळी. मग पुन्हा विटकरी.

"गूळ खाल्ला?" जानराव विचारत.

"नाई."

"खरं सांगा, नायक."

"मी खोटं बोलतो काय?" नायक म्हणे, आणि पागोटं थरथरे.

तो खोटं बोलणारा नव्हताच. मग जानरावांनी इन्सुलिनच्या बाटलीवर संशय घेतला, सुईवर घेतला, बाटली उन्हात ठेवली म्हणून मोटारवाल्याला शिव्या दिल्या, ज्वारीवर संशय घेतला, आणि सगळ्यांत शेवटी स्वतःवर. इकडे जखम पुन्हा ओली झाली. अंगठ्याचा रंग मलासुद्धा आवडेना.

एक दिवस नायक आलाच नाही. जानरावांनी पिशवीत सुई टाकली, मला सोबत घेतलं आणि आम्ही तांड्यावर गेलो. तिथे हेमला नावाच्या पोरीची सगाई चालली होती. मुलाकडचे एका बाजूला, मुलीकडचे दुसऱ्या बाजूला, मधे गुळाची परात. नायकानं मुलीकडचा लिंबाएवढा खडा उचलला, गंभीरपणे चावला, गिळला. मग मुलाकडचा तेवढाच खडा तोंडात घातला.

"नायक! थुका तो गूळ!" जानराव ओरडले.

नायकानं चावणं पुरं केलं, घोट गिळला आणि विचारलं, "काहून?"

"तुमी म्हणाले ना, गूळ बंद!"

"बंदच हाये. हे खानं थोडंच हाये, डाक्तर? हे तं काम हाये."

मग त्यानं समजावलं. दोन्हीकडचा गूळ नायकाच्या पोटात गेला की सोयरीक पक्की. पुढे नवऱ्यानं बायको टाकली, बायको माहेरी पळाली, तर जाब नायकाला. गूळ ज्यानं खाल्ला, हमी त्याची. त्या तांड्याची रीत अशी होती आणि फाल्गुन-चैत्र हे सगायांचे दिवस.

"मंग चिमटीभर खा," जानराव म्हणाले.

"चिमटीभर गुळाची हमी चिमटीभर."

"भाऊसिंगले खाऊ द्या. येवढा मोठा पोरगा हाये तुमचा."

"मी जित्ता असताना? पागोटं त्याच्या डोक्यावर मी मेल्यावर चढते."

"पाय जाईन, नायक."

"जाऊ द्या. एका पायाचा नायक नायकच रायते. गूळ न खाल्लेला नायक कोन? नुसता दौलतसिंग."

जानरावांनी कपाळ पुसलं. परातीकडे पाहिलं, अंगठ्याकडे पाहिलं. मग बैठकीत मांडी घालून बसले आणि म्हणाले, "बरं. आतापासून तुमच्या वाटचा मी खातो."

मला वाटलं, यांना ऊन लागलं. म्हाताऱ्यांची त्यांच्या बोलीत बरीच कुजबुज झाली. शेवटी नायकानं निकाल दिला. "या डाक्तरचं औसद रोज माह्या अंगात जाते. मंग माहा गूळ यायच्या अंगात गेला तं काय बिघडलं? पन डाक्तर, सोयरीक मोडली तं जाब तुमाले."

जानराव 'हो' म्हणाले. विचार करून म्हणाले असं मला वाटत नाही.

त्यानंतर तीन-चार वर्षं त्या तांड्याच्या प्रत्येक सगाईचा गूळ जानराव अवचारांनी खाल्ला. दवाखान्याच्या रांगेत एखादं जोडपं भांडत उभं असे. त्यांना औषध नको असे, गूळ खाणारा हवा असे. जानराव एकाची जीभ पाहता पाहता दुसऱ्याला झापत. नायकाची नळी बारा महिने निळी राहिली. अंगठा वाचला, पाय वाचला. अहवालात मी लिहिलं, 'गूळ पर्यायी व्यवस्थेने वर्ज्य.' पर्यायी व्यवस्था कोणती, असं नागपूरहून पत्र आलं. त्याला आम्ही उत्तर दिलं नाही.

सत्तावन सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. दवाखान्यात कुणी रोगी नव्हता आणि तरी स्टोव्हवर नळी होती. विटकरी.

"कुणाची?" मी विचारलं.

"माही."

गुळानं हा रोग होत नाही, असं त्यांनी मला नीट समजावलं. त्यांच्या वडिलांनाही असणार, ते रात्री सारखे पाण्याला उठत. पण झालेल्या रोगावर गूळ काय करतो, हे नायकाच्या अंगठ्यावर आम्ही दोघांनीही पाहिलं होतं.

"मग आता गूळ बंद करा," मी म्हणालो.

"मी बंद केला तं उद्या तो खाईन, मास्तर. त्याच्यापाशी बोलू नका."

"आणि तुमचा पाय?"

"मले काटा रुतला नाई अजून," ते म्हणाले आणि नळी धुवायला मोरीकडे गेले. मला त्यांचा फार राग आला आणि भीतीही वाटली. मी दोन दिवस बोललो नाही. त्यांच्या ते लक्षात आलं नाही.

ते स्वतःला सुई टोचत राहिले आणि सगाया आल्या की गूळही खात राहिले. चष्म्याचा नंबर वाढला. गालफडं बसली. नायक रोज येत होता, दंड पुढे करत होता. एका सकाळी तो हात धुवायला डॉक्टरांच्या खोलीमागच्या मोरीकडे गेला आणि तिथे बराच वेळ खाली पाहत उभा राहिला. मग सुई टोचून घेतली आणि गेला.

पुढची सगाई माघात होती. परात आली, जानरावांनी हात पुढे केला. नायकानं परात दिली नाही. त्यानं पागोटं उतरवलं. त्याचं डोकं पांढरं होतं, हे तांड्यातल्या बऱ्याच जणांना त्या दिवशी कळलं. ते पागोटं त्यानं शेजारी बसलेल्या भाऊसिंगच्या डोक्यावर ठेवलं. नानीबाईनं तोंडावर पदर घेतला.

एक म्हातारा उठून म्हणाला, "अरे, तू तं जित्ता हायेस!"

"हाव. डाक्तरनं ठेवला म्हनून," दौलतसिंग म्हणाला. मग जानरावांकडे न पाहता म्हणाला, "तुमच्या मोरीपाशी मुंगळे पायले मी."

जानरावांचा हात तसाच पुढे राहिला होता. तो त्यांनी मागे घेतला. भाऊसिंगनं गूळ खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दौलतसिंग उघड्या डोक्यानं दवाखान्यात आला. दारात सवयीनं वाकला. बाटली टेबलावर ठेवली, बाकावर बसला आणि जानराव सुई उकळायला निघाले तसा म्हणाला, "आधी तुमची नळी ठेवा, डाक्तर. मंग माही."